उलटे आटे

वार्षिक अंकासाठी लेख मागवणारी सूचना फलकावर लागली की आपल्यापैकी बहुतेकांची लेखणी ठरावीक वाटेने चालू लागते. 'विज्ञान : शाप की वरदान', 'आजचा तरुण आणि ध्येयवाद', 'माणुसकी हरवत चालली आहे' हे विषय दरवर्षी नव्या सहीने छापले जातात. त्या विषयांचा मला अनादर नाही. पण मी ज्या वस्तूविषयी लिहिणार आहे ती मुठीत मावेल एवढी आहे, आणि काळ्या ग्रीसने माखलेली आहे. सायकलच्या दोन क्रँकना जोडणारा जो आडवा कणा असतो, त्याला सायकलच्या दुकानात बी.बी. एक्सल म्हणतात. त्याच्या दोन बाजूंच्या वाट्या आणि आतले छर्रे धरून सगळ्या जोडणीला नुसते 'बी.बी.' म्हणायची पद्धत आहे. जुन्या लोखंडी सायकलची बी.बी. गेली तर ती बदलावी, की सायकलच भंगारात घालावी, एवढाच माझा प्रश्न आहे. प्रश्न दिसायला लहान आहे. भिवंडीत राहणाऱ्याला तो लहान का नाही, हे सांगण्यासाठी हा प्रपंच.

आमच्या घरी एकच सायकल आहे आणि ती लूमसारखी दोन पाळ्यांत चालते. रात्रपाळीला वडील तिच्यावरून अंजूर फाट्यापलीकडच्या एका गोदामात कामाला जातात. सकाळी ते परतले की तीच सायकल घेऊन मी कॉलेजला येतो. यंदाच्या श्रावणात पायडलाच्या प्रत्येक फेऱ्याला खट्-खट् आवाज येऊ लागला. क्रँक हातात धरून हलवला तर दात हलावा तसा हलत होता. चेन मधूनच उतरू लागली. रात्री अकराच्या सुमारास, डाव्या-उजव्या बाजूला कंटेनरच्या रांगा असताना, चेन उतरणे म्हणजे काय असते हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक.

शेजाऱ्यांनी सल्ला दिला, "द्या भंगारात. हप्त्यावर एखादी गाडी घ्या. पोरगं आता कॉलेजात जातंय." सल्ला वाईट हेतूने दिलेला नव्हता. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्यांचे सायकल-दुरुस्तीचे दुकान आहे त्या चाचांनी चौकट उचलून पाहिली, सांध्यांवरून अंगठा फिरवला आणि एकच वाक्य सांगितले : "फ्रेम अच्छी है बेटा, सिर्फ बी.बी. गई है." माझा सारा लेख त्या 'सिर्फ'वर उभा आहे.

भंगारवाल्याच्या काट्यावर चांगली चौकट आणि झिजलेला एक्सल यांचा भाव एकच, किलोवर. दुरुस्ती करणाऱ्याला मात्र यातले काय गेले आणि काय राहिले हे वेगळे करून पाहावे लागते. सायकल ज्याने घडवली त्यानेही हा भेद आधीच करून ठेवलेला असतो. सीटखालची उभी नळी, पुढून येणारी तिरकी नळी आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन बारीक नळ्या जिथे एकत्र येतात, तिथे एक आखूड, जाड, आडवा नळा असतो. त्याला आतून आटे पाडलेले असतात. त्या आट्यांत दोन्ही बाजूंनी एकेक पोलादी वाटी बसते. वाट्यांच्या आत पाव इंची छर्रे, एका बाजूला अकरा, दुसऱ्या बाजूला अकरा. त्या बावीस छऱ्यांवर एक्सल फिरतो. सायकलस्वाराचा सारा जोर तिथून जातो, वरच्या नळीतून पावसाचे पाणी उतरून तिथेच साचते, रस्त्याची धूळ तिथेच शिरते. तेव्हा झिज तिथे होणारच. म्हणून झिजणारा भाग वेगळा केला आणि टिकणारा भाग वेगळा ठेवला. वाटी, छर्रे आणि एक्सल बदलले की पोलादी चौकट पुन्हा कामाला लागते.

चाचांच्या दुकानातले हे काम मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिले, आणि त्यातले बरेचसे त्यांच्या देखरेखीखाली माझ्या हातांनी केले. जुन्या सायकलचा क्रँक एक्सलवर कॉटर पिनने अडकवलेला असतो. ही एका बाजूला उतार दिलेली पोलादी पिन. वर्षानुवर्षांच्या गंजाने ती इतकी बसलेली असते की नुसते ठोकून निघत नाही. नवशिका जोरात ठोकतो. त्या ठोक्याचा मार छऱ्यांमार्फत वाटीला बसतो आणि चांगल्या वाटीतही खड्डे पडतात. चाचा क्रँकखाली लोखंडी पाइपाचा तुकडा उभा करतात, म्हणजे मार जमिनीत जातो. पिनचा नट ते पुरता काढत नाहीत, तिच्या टोकाशी लेव्हल होईल इतकाच सैल करतात, म्हणजे पिनचे आटे चेपत नाहीत. मग एकच ठोका, नेमका. एवढ्या एका कृतीत पदार्थविज्ञानाचा एक धडा आहे, फक्त तो धड्याच्या रूपात लिहिलेला नाही.

डाव्या बाजूची बाहेरची रिंग आणि तिच्या आतली वाटी नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवली की सुटते. एक्सल बाहेर येतो, छर्रे कागदावर गोळा करायचे. मग उजवी वाटी. तिथेही सवयीने तुम्ही पान्हा उलट फिरवता आणि ती हलत नाही. आणखी जोर लावता, तशी ती आणखी घट्ट बसते. कारण इंग्रजी धाटणीच्या चौकटीत उजव्या वाटीचे आटे उलटे असतात. ती काट्याच्या दिशेने फिरवली तरच निघते.

असे का? यामागे कारण आहे आणि ते ऐकण्यासारखे आहे. एक पेन्सिल सैलशा मुठीत धरा आणि तिचे वरचे टोक गोल फिरवा. टोक ज्या दिशेने फिरते, त्याच्या उलट दिशेने पेन्सिल मुठीतल्या मुठीत फिरू लागते. वाटीचे तसेच होते. ती आपल्या घरात कितीही घट्ट बसवली तरी केसभर जागा राहतेच. छर्रे आतून फिरत असताना दाबाची जागा गोल फिरत राहते आणि वाटी उलट दिशेला कणाकणाने सरकते. उजव्या बाजूला सुलटे आटे असते तर पायडल मारणाऱ्याच्या स्वतःच्याच जोराने ती वाटी हळूहळू सुटत गेली असती. इटालियन आणि जुन्या फ्रेंच सायकलींत दोन्ही बाजूंचे आटे सुलटे असत, आणि त्यांची उजवी वाटी सैल होण्यासाठी प्रसिद्ध होती. इंग्रजी पद्धतीत आटे उलटे केले, म्हणजे जी हालचाल वाटी सोडवणार होती तीच तिला आवळू लागली. डाव्या पायडलालाही उलटे आटे असतात ते याच कारणाने. अमेरिकेतल्या डेटन गावी सायकलींचे दुकान चालवणारे राइट बंधू १९०० च्या सुमारास आपल्या सायकलींत हीच युक्ती वापरत होते. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान उडाले. त्याच्या पंख्यांना गती देणारी चेन आणि दातेरी चाके सायकलच्याच धर्तीची होती.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडे जुनी वस्तू मरते ती बहुतेक वेळा लोखंड संपल्याने मरत नाही. उजवी वाटी उलटी फिरते हे ज्याला माहीत आहे, असा माणूस जवळपास उरत नाही म्हणून ती मरते. लोखंड टिकते, जाणकार टिकत नाही. चाचांच्या दुकानात त्यांच्या हाताखाली आज एकही पोरगा नाही. त्यांचा स्वतःचा मुलगा मोबाइलच्या दुकानात आहे, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. पण उद्या हे दुकान बंद झाले तर आमच्यासारख्यांच्या शाबूत चौकटी भंगाराच्या काट्यावर जातील, आणि लोक म्हणतील, "जुनं झालं होतं."

हे फक्त सायकलपुरते असते तर मी लेख लिहिला नसता. आपले सारे शहरच जुन्या चौकटींवर उभे आहे. भिवंडीतले कितीतरी साधे माग हे मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरण्यांचे पुष्कळ काम इथल्या मागांवर आले, हे आपण अर्थशास्त्राच्या तासाला शिकतो. पण गिरणीने टाकलेला माग इथे इतकी वर्षे चालला कोणामुळे, हे त्या तासाला येत नाही. तो चालला जॉबरमुळे. कोणता भाग झिजला हे तो आवाजावरून ओळखे, तेवढाच बदले आणि चौकट पुन्हा चालू करी. सरकारलाही हा विचार अगदीच परका नाही. २०१७ च्या पॉवरटेक्स इंडिया योजनेत साध्या मागांना जागच्या जागी सुधारण्यासाठी अनुदान होते : धागा तुटला की माग आपोआप थांबवणारी यंत्रणा, चांगला ब्रेक, असे भाग जुन्या मागाला जोडायचे. म्हणजे काय? माग तोच, बी.बी. नवी! आज मात्र आपल्या गल्ल्यांतून माग तोडून किलोवर विकले जाताना आपण पाहतो. त्यातले काही माग खरोखर संपलेले असतील. सगळेच तसे असतील, यावर माझा विश्वास बसत नाही.

दुरुस्ती शक्य व्हायला माणूस लागतो तसे एक मापही लागते. बहुतेक साध्या सायकलींच्या त्या नळ्यात इंचाला चोवीस आटे असतात. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने कित्येक वर्षे आपले माप वेगळे ठेवले होते, इंचाला सव्वीस. अशा चौकटीत चोवीसची वाटी जबरदस्तीने घातली तर नळ्याचे आटे कापले जातात आणि चांगली चौकट हकनाक जाते. म्हणून जुनी वाटी नव्या वाटीशेजारी धरून आधी आटे मोजायचे असतात. पण माप एक असले की केवढी सोय होते पाहा. १९५१ साली सोनिपतला सुरू झालेल्या ॲटलस कंपनीच्या साहिबाबाद कारखान्यातले उत्पादन ३ जून २०२० रोजी थांबले. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा होता. कारखाना थांबला तरी त्या सायकली रस्त्यावर राहिल्या, कारण त्यांना लागणारे छर्रे, वाट्या, पिना लुधियानातल्या लहानमोठ्या कारखान्यांतून येतच राहिल्या. जी वस्तू एकाच कंपनीच्या भागांवर जगते ती त्या कंपनीबरोबर जाते. सर्वांच्या मापाने केलेली वस्तू कंपनीनंतरही जगते. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल असल्याचे नोंदले आहे. त्या घरांच्या दृष्टीने हा फरक पोटाचा आहे.

उलट बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. नव्या सायकलींत बंद डब्यासारखी बी.बी. येते. तिच्यात पाणी-धूळ सहसा शिरत नाही, छर्रे मोजावे लागत नाहीत, आणि बिघडली की आख्खी काढून दुसरी बसवायची. आपल्या पावसाळ्याचा विचार केला तर ती सोयीची आहे, हे मी मान्य करतो. तीही चौकटीत आट्यांनीच बसते, चौकट वाचतेच. तेव्हा माझे भांडण नव्या भागाशी नाही. माझे भांडण आहे ते उघडताच येऊ नये म्हणून चिकटवून टाकलेल्या वस्तूंशी, आणि 'उघडून काय करायचंय?' असे विचारणाऱ्या वृत्तीशी. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. तिच्यापुढे शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने हे विषय होते. हक्क मिळाला तर चांगलेच. पण वाचताच येत नसेल तर ग्रंथालयाचे ओळखपत्र काय कामाचे? दुरुस्तीचा हक्क हवा, तशी दुरुस्तीची अक्कलही हवी.

दुसरे म्हणणे माझ्या वडिलांचे आहे, आणि त्याला उत्तर देणे मला जड जाते. ते म्हणतात, "आमचे हात काळे झाले ते तुझे होऊ नयेत म्हणून. शिकून-सवरून तू पान्हाच हातात घेणार असशील, तर फी कशाला भरली?" आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. त्या पायरीसाठी त्यांनी किती रात्री काढल्या हे मी जाणतो, त्यामुळे 'श्रमाची प्रतिष्ठा' हा भाषणातला शब्द त्यांच्या तोंडावर फेकणे मला शोभणार नाही. ज्यांनी कधी वंगणाला हात लावला नाही त्यांनी श्रमाची गाणी गावीत आणि ज्यांचे आयुष्य त्यात गेले त्यांनी ती ऐकावीत, हा न्याय नव्हे. पण मी त्यांना एवढे सांगितले : दुसरा मार्ग नाही म्हणून वस्तू रेटत राहणे ही लाचारी, आणि तिच्यात काय गेले, काय राहिले हे ओळखून ती उभी करणे हे ज्ञान. मला लाचारी नको आहे. पण लाचारी टाकताना ज्ञानही टाकून द्यावे असे कुठे आहे? ते काही बोलले नाहीत. दुरुस्तीचा खर्च नव्या सायकलच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आला, तो त्यांनी दिला.

आपण ज्या शाखेत शिकतो तिचे नाव 'कला' आहे. आपल्या पूर्वजांनी ज्या चौसष्ट कला मोजल्या त्यांत गीत आणि नृत्याबरोबर तक्षण, म्हणजे सुतारकाम, आणि वास्तुविद्याही आहे. हातातली कला वेगळी आणि डोक्यातली वेगळी, अशी भिंत त्या यादीत नाही. आपल्या मराठी मुलखातले उदाहरण घ्यायचे तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचे घ्यावे. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कला शाळेत गेले. रंग नीट ओळखता येत नसल्याने ती वाट सोडून ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात दुकान काढले ते सायकलींचे. पुढचा लोखंडी नांगर आणि १९१० ची किर्लोस्करवाडी सर्वांना माहीत आहे, सायकलचे दुकान मात्र आपण विसरतो. १८६९ मध्ये सायकलला बसणारे छऱ्यांचे बेअरिंग ज्यूल स्यूरिरे याने तयार केले. तोही पॅरिसमधला एक सायकल मेकॅनिकच. त्याच वर्षी नोव्हेंबरात पॅरिस ते रुआँ या शर्यतीत जिंकलेल्या सायकलला ते छर्रे होते. या लोकांचे हात काळे होते आणि डोकी चालू होती.

मग आपण काय करावे? भाषण करून मोकळे होणे सोपे आहे, म्हणून एक साधी सूचना मांडतो. आपल्या कॉलेजच्या सायकल स्टँडजवळ एक लाकडी बाक टाकावा. त्यावर चार पान्हे, एक हातोडा, पाइपाचा एक तुकडा, ग्रीसचा डबा आणि हवा भरायचा पंप ठेवावा. राष्ट्रीय सेवा योजनेतून महिन्यातल्या एका शनिवारी चाचांसारख्या एखाद्या कारागिराला बोलवावे आणि तिथे त्यांना 'सर' म्हणावे. इतर व्याख्यात्यांना देतो तसे मानधन त्यांनाही द्यावे, शाल आणि नारळावर भागवू नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कौशल्याच्या अभ्यासक्रमांना श्रेयांक देऊ केले आहेत. ते श्रेयांक वहीत टिपण उतरवून मिळावेत, की बावीस छर्रे हाताने बसवून, हे आपल्या प्राध्यापकांनी ठरवावे. मुलींनीही या बाकावर यावे. पान्ह्याला मुलगा-मुलगी कळत नाही.

या बाकावर जे शिकायला मिळेल ते सायकलपुरते राहणार नाही. वाटी आवळताना चाचा एक गोष्ट पुनःपुन्हा सांगतात. सैल ठेवली तर एक्सल डगमगतो, फार आवळली तर छर्रे चिरडतात. डगमग नुकतीच थांबली आहे आणि एक्सल बोटाने अजून सहज फिरतो आहे, ती जागा हाताने शोधायची आणि तिथेच रिंग आवळायची. पुस्तकात त्या जागेचा आकडा नसतो. आणि काम झाले म्हणून सायकल विसरायची नाही. नवी कॉटर पिन चार-सहा दिवस चालवल्यावर बसते, तेव्हा नट पुन्हा एकदा आवळून घ्यावा लागतो.

मित्रहो, आपल्यापैकी बरेचजण अशा घरांतून आलो आहोत जिथे कोणी ना कोणी काहीतरी दुरुस्त करीत असते. लूम, शिलाईचे यंत्र, रिक्षा, पाण्याची मोटार. ते काय करतात हे घरी गेल्यावर एकदा विचारा, आणि जमले तर लिहून काढा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगले साधन कोणते मिळेल? भिवंडीचा इतिहास गॅझेटिअरमध्ये जेवढा आहे तेवढाच या माणसांच्या बोटांत आहे, आणि बोटांतल्या इतिहासाची दुसरी प्रत नसते. तेवढे आपण केले नाही, तर आपल्यानंतर येणारा विद्यार्थी उजव्या वाटीशी झटत बसेल. जोर लावील, ती आणखी घट्ट होईल, आणि ती दुसऱ्या बाजूला फिरवायची असते हे त्याला सांगणारे कोणी नसेल.

— द्वितीय वर्ष, कला